नोकरवर्गाची घरे : कायदा, कर्ज व पाणी

आपल्या पेढ्यांवरील मुनीम, गुमास्ते व हमाल यांच्यापुढे घराचा प्रश्न आज बिकट होऊन उभा आहे. उज्जैनच्या वेशीबाहेर स्वस्त भूखंड मिळतो असे कळताच एखादा गृहस्थ आयुष्याची शिल्लक अनधिकृत वसाहतीत घालतो आणि मागाहून नळ, रस्ता, बांधकामाची परवानगी यांपैकी काहीच हाती येत नाही. असा मनुष्य सल्ला मागावयास प्रथम आपल्याच गादीपाशी येतो. म्हणून ह्या विषयाची थोडक्यात माहिती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

पहिला विचार जमिनीचा. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ अन्वये तयार झालेल्या विकास योजनेत भूखंड निवासी दाखविला आहे काय, हे पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. क्षिप्रेच्या पुरात येणारी जमीन स्वस्त असते, परंतु तिची खरी किंमत पावसाळ्यात कळते.

दुसरा विचार विकासकाचा. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याप्रमाणे, जमीन ५०० चौरस मीटरहून व सदनिका ८ हून अधिक असल्यास प्रकल्पाची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून केवळ त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावी लागते.

तिसरा विचार द्रव्याचा. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये, वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असून देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबासाठी व्याजसवलत ठेवण्यात आली. घर ३५ लाखांपर्यंतचे व कर्ज २५ लाखांपर्यंतचे असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत, एकूण १,८०,००० रुपयांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. वस्तू व सेवा कराचे १ व ५ टक्के हे दर २०१९ साली ठरले. त्यांनुसार उज्जैनसारख्या शहरात ९० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतच्या व ४५ लाखांपर्यंतच्या बांधकामाधीन घरावर १ टक्का कर पडतो. १५ लाखांच्या घरावर हा फरक ६०,००० रुपयांचा होतो.

चौथा विचार पाण्याचा व विजेचा. हे शहर मुख्यतः गंभीर धरणावर अवलंबून आहे. क्षिप्रेत २०१४ साली नर्मदेचे पाणी आणावे लागले. ज्या इमारतीत पाऊस साठविण्याची सोय नाही, तेथील रहिवासी हप्त्याबरोबर टँकरचेही पैसे भरतो. २०२४ च्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये साहाय्य ठरले. १० किलोवॅटला १,८०,००० रुपये. जिन्यातील दिवे व पंप ह्यांचा खर्च त्यामुळे कायमचा हलका होतो.

शेवटी एक गोष्ट आपल्याच हातची आहे. बँक कर्ज देते ती उत्पन्नाच्या पुराव्यावर. पगार रोखीने दिला गेला, तर वीस वर्षे प्रामाणिकपणे राबलेला गुमास्ताही बँकेच्या दृष्टीने उत्पन्नहीन ठरतो. दरमहा पगार खात्यात भरावा व त्याचा लेखी दाखला द्यावा. ह्यास एक पैचाही खर्च नाही. येत्या दिवाळीच्या चोपडीपूजनापासून प्रत्येक पेढीने हा नियम अंगीकारावा, अशी आमची विनंती आहे.