इफ्तारची सूट कुणाच्या खिशातून?

रमजानचा पहिला आठवडा सरला की शहरातल्या फोनवर दोन प्रकारचे निरोप येऊ लागतात. एक मोहल्ल्याच्या ग्रुपवरचा, सहरी आणि इफ्तारच्या वेळांचा तक्ता. दुसरा हॉटेलांचा. ‘इफ्तार बुफे, तीन ताटांवर चौथं मोफत’, ‘सायंकाळी पाचच्या आत बुक करा, चाळीस टक्के सूट’, ‘फक्त आजच्या दिवस’. दिवसभराच्या उपाशीपोटी असा निरोप वाचणं म्हणजे काय, ते रोजेदारालाच ठाऊक. असर आणि मगरिबच्या नमाजांमधला तो तास-दीड तास भुकेचा कळस असतो आणि नेमके तेव्हाच हे निरोप सर्वात जास्त येतात. तो योगायोग नसावा.

इफ्तार ही पूर्वी घरात, मशिदीत किंवा फार तर दुकानाच्या ओट्यावर करायची गोष्ट होती. बाहेर जाऊन इफ्तार करण्याची चाल शहरात आता चांगलीच रुळली आहे. जालना रोड, सिडको, कॅनॉट, निराला बाजार या भागांतल्या हॉटेलांत सायंकाळी खजूर, फळं, शरबत, भजी, हलीम, बिर्याणी अशी रांग मांडलेली दिसते. तिथं बसलेले सगळेच रोजेदार नसतात. मित्राच्या रोज्यात सहभागी व्हायला आलेले कुलकर्णी, जाधव, गायकवाड असतात, कॉलेजातली मिश्र टोळकी असतात. चांगलीच गोष्ट आहे. बिल आलं की मात्र सगळ्यांचे फोन बाहेर निघतात आणि कुणाच्या ॲपवर जास्त सूट आहे याची तपासणी सुरू होते.

त्याच वेळी तीन-चार किलोमीटरवर, जुन्या शहरात, वेगळाच व्यवहार चालू असतो. बुढ्ढी लेन, सिटी चौक, शहागंज, रोशन गेट, चंपा चौक. इथं भाव एकच. तंदूरमधून निघालेला गरम नान, देगमध्ये शिजलेला खलिया आणि त्यावर तरंगणारी तांबडी तर्री. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्याच्या लष्करासाठी एकाच वेळी हजारोंना पुरेल असं हे जेवण तयार झालं, असं या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तेव्हापासून आजपर्यंत नान खलियाला कुपन लागलेलं नाही. सूट इथंही आहे, पण ती टक्क्यांत मोजत नाहीत. खजूर तोलून झाल्यावर वर टाकलेले दोन खजूर, भांडं घेऊन आलेल्या पोराला चमचाभर जास्त तर्री. ‘ऊपर से थोडा डालो भाई’ एवढं म्हणायचं. विक्रेता काय देतोय ते त्याच्या हातात दिसतं, आणि ते त्याच्याच देगमधून जातं हेही दिसतं.

ॲपवरच्या सुटीत नेमकं हेच दिसत नाही. ती देतो कोण?

या धंद्याची गोष्ट फार जुनी नाही. अमेरिकेतल्या शिकागोत २००८ मध्ये ग्रुपॉन नावाची कंपनी निघाली. ग्रुप आणि कुपन मिळून झालेलं नाव. पहिली डील त्यांच्या कार्यालयाच्याच इमारतीतल्या बारची होती, एका पिझ्झाच्या किमतीत दोन. कल्पना साधी होती. ठरावीक संख्येनं लोकांनी आगाऊ पैसे भरले तरच सूट लागू होणार, म्हणजे दुकानदाराला एकगठ्ठा गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाला स्वस्ताई. २०११ मध्ये या कंपनीनं कोलकात्याची ‘सोसस्ता’ विकत घेऊन भारतात पाय ठेवला. त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेली स्नॅपडीलही आरंभी अशाच रोजच्या डील विकत होती. नंतर ती वस्तू विकण्याकडे वळली.

महाराष्ट्राला ही सूट खऱ्या अर्थानं कळली ती कांद्यामुळं. सप्टेंबर २०१३ मध्ये किरकोळ बाजारात कांदा ऐंशीच्या घरात गेला होता. तेव्हा ग्रुपॉनच्या भारतीय शाखेनं नऊ रुपये किलोनं कांदा विकायला काढला. पाऊण तासाच्या आत सुमारे तीन हजार किलोंची मागणी नोंदली गेली आणि गर्दीनं संकेतस्थळ कोसळलं. लासलगावच्या बाजारात तो भाव नव्हता, कुठल्याच मंडईत नव्हता. फरक कंपनी स्वतः भरत होती. तो कांद्याचा धंदा नव्हता, जाहिरातीचा खर्च होता, आणि त्या मानानं स्वस्तात झाला.

कंपनी स्वतःच्या खिशातून देते तोवर कुणाचं फारसं बिघडत नाही. पेच येतो तो देणारा बदलला की. नोव्हेंबर २०१७ मध्ये झोमॅटोनं ‘गोल्ड’ नावाचं सभासदत्व आणलं. वर्गणी कंपनीकडे भरायची, आणि हॉटेलात गेल्यावर एका पदार्थावर दुसरा मोफत घ्यायचा. मोफतचा पदार्थ हॉटेलवाल्यानं द्यायचा. सुरुवातीला हॉटेलं खूश होती, नवं गिऱ्हाईक येत होतं. पुढं सभासद वाढत गेले, रोजचं गिऱ्हाईकही गोल्ड दाखवू लागलं. १५ ऑगस्ट २०१९ रोजी, स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, गुरुग्राममधल्या शेकडो हॉटेलांनी अशा योजनांमधून बाहेर पडायला सुरुवात केली. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाच्या या ‘लॉगआउट’ मोहिमेचं लोण मुंबई-पुण्यापर्यंत आलं. पुढच्याच वर्षी त्या योजनेचं नाव आणि रूप दोन्ही बदललं. एप्रिल २०२२ मध्ये याच संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं झोमॅटो आणि स्विगी यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. म्हणजे हॉटेलवाल्यांची कुरकुर निव्वळ रड नव्हती.

हे गणित आपल्या शहरातल्या एखाद्या मध्यम हॉटेलावर मांडून बघण्यासारखं आहे. समजा बिर्याणीची प्लेट ३०० रुपयांची आहे. त्यात तांदूळ, मटण, मसाला, गॅस मिळून १२० रुपये. भाडं, वीज, पगार यांचा वाटा आणखी १२०. मालकाला राहतात ६०. आता चाळीस टक्के सूट लावली की गिऱ्हाईक १८० देतं. त्यातले समजा दहा टक्के ॲपचं कमिशन, म्हणजे १८ रुपये. हातात पडले १६२. खर्च २४०.

इथं कुणीही म्हणेल की मग हॉटेलवाला हा वेडेपणा करतोच का? तो वेडेपणा नाही, निदान नेहमी नाही. भाडं आणि पगार टेबल रिकामं असलं तरी द्यावेच लागतात. मंगळवारी दुपारी चार वाजता रिकाम्या टेबलावर कुणी १६२ रुपये देऊन गेलं, तर सामानाचे १२० वजा जाऊन ४२ रुपये सुटले. नाहीतर तेही नसते. कुपनाचा सगळा शहाणपणा या रिकाम्या टेबलावर उभा आहे. टेबल भरणारच असेल, तर तोच हॉटेलवाला ३०० ऐवजी १६२ घेतो आणि १३८ रुपये हातचे घालवतो.

आणि रमजानात टेबल कधी भरतं? मगरिबची अजान सगळ्या शहरात जवळजवळ एकाच मिनिटाला होते. सगळे रोजेदार त्याच मिनिटाला खजूर तोंडात घालतात. एरवी रात्री आठ ते अकरा एका टेबलावर तीन कुटुंबं बसून जातात. इफ्तारला सगळ्यांना एकाच वेळी बसायचं असतं. ज्या घडीला सूट देण्याची काहीच गरज नाही त्याच घडीला सर्वात मोठ्या सुटीचे फलक लागतात, कारण समोरच्यानं लावलाय. अक्कल चालवायची तर रमजानात सूट दुपारी द्यायला हवी. तेव्हा हॉटेलं ओस असतात आणि रोजा नसलेलं निम्म्याहून जास्त शहर जेवायला मोकळं असतं. किंवा तरावीहची नमाज संपल्यावर, रात्री दहानंतर. गिऱ्हाइकानंही तीच वेळ गाठावी. त्या सुटीत सहसा खोट नसते.

भरल्या टेबलावर दिलेली सूट कुठून तरी वसूल होतेच. कधी रमजानच्या तोंडावर ३०० ची प्लेट ३८० होते आणि मग तिच्यावर सूट लागते. कधी चार बोट्यांच्या तीन होतात. कधी ते वाढप्याच्या वाट्याला येतं. तोही बहुतेक रोजेदारच असतो. अजान होते तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्याचं शरबत असतं. तो उभ्या उभ्या एक खजूर आणि घोटभर पाणी घेतो आणि पुन्हा धावू लागतो. सुटीमुळं गर्दी दुप्पट, बिल निम्मं, आणि बक्षिसी बिलाच्या हिशेबानं. हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं.

गिऱ्हाइकाची फसगत निराळ्या ठिकाणी होते. ‘५० टक्के सूट’ मोठ्या अक्षरांत, ‘जास्तीत जास्त १०० रुपये’ खाली बारीक. सहा जणांच्या कुटुंबाचं बिल १६०० झालं तर ही सूट सव्वासहा टक्के ठरते. किंवा ‘६०० च्या वर १०० रुपये कमी’. बिल होतंय ४२०. मग २०० रुपयांचे कबाब मागवायचे. ६२० मधून १०० गेले, राहिले ५२०. शंभर वाचवायला शंभर जास्त मोजले आणि कबाब अर्धे ताटात राहिले, कारण रोजा सोडताना डोळे मागतात तेवढं पोट घेत नाही. खजूर, दोन ग्लास शरबत आणि चार भजी पोटात गेली की अर्ध्या तासापूर्वीची भूक कुठल्या कुठं जाते. बुफेच्या टेबलांवरून उचलली जाणारी ताटं बघितली की हे कळतं. खा, प्या पण उधळू नका, ही कुरआनची ताकीद आहे. उर्दूत या उधळपट्टीला इसराफ म्हणतात. चौथं ताट मोफत असलं तरी त्यातलं अन्न मोफत पिकलेलं नसतं.

सूट घेणं किंवा देणं यात धर्माची आडकाठी नाही. उलट खरेदी-विक्रीत नरमाईनं वागणाऱ्याची हदीसमध्ये तारीफ आहे. आक्षेप आहे तो फुगवलेल्या भावाला. घ्यायचं नसताना नुसता भाव चढवण्यासाठी बोली लावणं याला इस्लामी कायद्यात ‘नजश’ म्हणतात आणि ते मना आहे. मापात मारणाऱ्यांसाठी तर कुरआनमध्ये ‘मुतफ्फिफीन’ हा अख्खा अध्याय आहे. आधी चढवून मग उतरवलेला भाव या दोहोंपैकी कशात बसतो, यावर मौलवींनी जरूर बोलावं.

देशाचा कायदा याबाबत बराच पुढं आला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ॲप आणि संकेतस्थळांवरच्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना बंदी घातली. ‘फक्त दहा मिनिटं उरली’ अशी खोटी घाई लावणं, न मागता टोपलीत काहीतरी टाकणं, शेवटच्या पायरीवर जादा आकार दाखवणं या सगळ्या त्यात येतात. सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, हा याच प्राधिकरणाचा जुलै २०२२ चा निर्णय मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उचलून धरला. सुटीच्या बिलावर तळाशी सेवा शुल्क दिसलं तर काढायला सांगावं. काढलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि एक साधा उपाय: हॉटेलला सरळ फोन करून विचारावं की ॲपशिवाय आलो तर काय भाव. कमिशन वाचत असल्यानं मालक बऱ्याचदा तेवढीच सवलत आनंदानं देतो.

ज्या सवलतीत पैसे कोण भरतंय हे उघड असतं, तिची तऱ्हाच वेगळी. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा शहरी भागात थाळीची किंमत ५० रुपये ठरली होती. जेवणारा १० देणार, ४० सरकार देणार. कुणाच्या मनात शंका नाही. तुर्कस्तानात भाकरी टांगून ठेवण्याची जुनी रीत आहे. भटारखान्यात दोन पावांचे पैसे द्यायचे, एक न्यायचा, दुसरा खुंटीला राहू द्यायचा. गरजू येतो आणि विचारतो, काही टांगलेलं आहे का? हेही एकावर एकच, फक्त दुसरा नग दुसऱ्यासाठी. आपल्याकडं माहीमच्या दर्ग्याजवळ हेच रस्त्यावर दिसतं. काही हॉटेलांसमोर भुकेले लोक ओळीनं उकिडवे बसलेले असतात. जाणारा-येणारा गल्ल्यावर पाच जणांचे, दहा जणांचे पैसे ठेवतो, आणि तेवढ्यांना जेवण मिळतं. जेवणारा देणाऱ्याचं नाव विचारत नाही.

रोजेदाराला इफ्तार देणाऱ्यालाही रोज्याइतकंच पुण्य, आणि रोजेदाराच्या पुण्यात काही कमी होत नाही, असा हदीसचा आशय आहे. त्यामुळं रमजानात जुन्या शहरातल्या घराघरांतून झाकलेली ताटं मशिदीकडे निघतात. दुपारी हॉटेलची डील शोधणारा मुलगाच अनेकदा सायंकाळी ते ताट पोहोचवायला जातो. मशिदीच्या अंगणात लांबच लांब दस्तरखान अंथरलेला असतो. त्यावर रिक्षावाले, बसस्थानकावरून आलेले प्रवासी, बांधकामावरचे परप्रांतीय मजूर, खोली करून राहणारे विद्यार्थी बसलेले असतात. कुणाच्या घरून आलेले खजूर, कुणाची खिचडी, कुणाचं कापलेलं टरबूज, सगळं एकत्र मांडलेलं. अजानला पाच मिनिटं उरलेली असतात आणि उशिरा आलेल्याला जागा करून देण्यासाठी ओळ थोडी सरकते.