चिखलातली सायकल आणि घर्षणाचा नियम

सायकलच्या शर्यतीत सायकल खांद्यावर घेऊन पळावे लागते, हे बेल्जियमला जाईपर्यंत मला ठाऊक नव्हते. २०११ साली संशोधनासाठी गेंट शहरात राहत असताना प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने आग्रह करून हौशी स्पर्धकांच्या गटात माझे नाव घातले. या शर्यतीला सायक्लोक्रॉस म्हणतात. फ्रान्समध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली, पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये. आज मात्र या खेळाचे खरे वेड बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आहे. हंगाम थंडीचा, म्हणजे तिकडे पावसाचा आणि चिखलाचा. अडीच ते साडेतीन किलोमीटरच्या वाटेवर ठरलेला वेळ संपेपर्यंत फेऱ्या मारायच्या. मध्ये गवत, वाळू, उभे चढ आणि ४० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या. फळी आली की उतरायचे, सायकल उचलून पलीकडे जायचे आणि पळता पळताच पुन्हा सीटवर बसायचे.

सकाळी मी टायरमध्ये टणक हवा भरली. घट्ट टायर हलका पळतो, हे आपण लहानपणापासून अनुभवलेले असते. पहिल्याच चिखलाच्या वळणावर मी आडवा झालो. दुसऱ्या फेरीत पुन्हा तिथेच. चढावर मागचे चाक जागच्या जागी फिरू लागले आणि माझ्यापेक्षा वयाने कितीतरी मोठी माणसे शेजारून निघून गेली. शर्यत संपल्यावर सहकाऱ्याने माझा टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि तो नुसता हसला. त्याच्या टायरमध्ये माझ्या निम्मीच हवा होती.

मला हे पटेना. घर्षणबल स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे आपणच वर्गात शिकवतो ना? मग टायर पसरट करून काय मिळणार?

आधी पसरटपणा किती, ते पाहू. मी आणि सायकल मिळून वजन ८० किलो, त्यातले सुमारे ४८ किलो मागच्या चाकावर. टायरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो (सायकलवाल्याच्या भाषेत सुमारे ५७ पौंड) असेल, तर भार पेलायला जमिनीवर साधारण १२ चौ. सेंमी. टायर टेकावा लागतो. दाब निम्मा केला की २४ चौ. सेंमी. टायरच्या भिंतींचा ताठपणा यात धरलेला नाही, पण अंदाजाला एवढे पुरे.

आता नियमाकडे वळू. टेबलावर वीट ठेवली तर ती टेबलाला सगळीकडे टेकत नाही. दोन्ही पृष्ठभागांवरच्या सूक्ष्म उंचवट्यांची टोके तेवढी भिडतात. वीट आडवी ठेवा की उभी, या टोकांचे एकूण क्षेत्रफळ विटेच्या भारावर ठरते. भार तोच, म्हणून घर्षणही तेच. चिखलाची गोष्ट वेगळी. तो मऊ असल्याने टायरच्या प्रत्येक खाचेत शिरतो आणि सगळा टेकलेला भाग खरोखरच टेकतो. शिवाय घसरताना बहुधा टायर चिखलावरून सरकत नाही, चिखलाचाच एक थर दुसऱ्यावरून सरकतो. मातीच्या या ताकदीचे दोन भाग असतात, असे कुलोम यांनी १७७३ साली मांडले. विद्युतप्रभारांच्या नियमातले कुलोम ते हेच. एक भाग भारावर अवलंबून असतो. दुसरा भाग कणांच्या संसक्तीचा, आणि तो क्षेत्रफळाच्या पटीत वाढतो. ओल्या चिकणमातीत भार पटकन पडला तर तो बराचसा कणांमधल्या पाण्यावर येतो, त्यामुळे पहिला भाग जवळपास निकामी होतो. उरते ती संसक्ती. टेकलेले क्षेत्र दुप्पट, तर पकड जवळजवळ दुप्पट!

उभ्या चढावर सायकल खांद्यावर का घेतात, तेही यातूनच कळते. पळताना बुटाचा चवडा टायरच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि त्याचे खिळे खालच्या घट्ट मातीपर्यंत पोहोचतात.

कोरड्या वाळूत मात्र संसक्ती नसते. तिथे मऊ टायरचा फायदा पकडीचा नव्हे, तर कमी रुतण्याचा. समुद्राकाठच्या कोक्सैदे येथे २०१२ च्या जानेवारीत जागतिक स्पर्धा वाळूच्या टेकड्यांवरून झाली, तेव्हा पुरुषांमधले पहिले सातही जण बेल्जियमचे होते. वाळूत ते लहानाचे मोठे झालेले!

वर्गात हे सहज दाखवता येईल. विटेला ताणकाटा बांधून ती कोरड्या फळीवर आडवी आणि उभी ठेवून ओढा, मग फळीवर चिकणमातीचा जाड लेप देऊन पुन्हा ओढा. काट्यावरचे आकडे विद्यार्थ्यांनाच लिहू द्या.

पुढच्या शर्यतीत मी हवा आणखी कमी केली, अगदी दीड किलोपर्यंत. वळणे सुरेख जमली. तिसऱ्या फेरीत एका झाडाच्या मुळावर चाक आदळले, टायर पार दबला आणि ट्यूब रिम व मूळ यांच्यामध्ये चिमटली. शेजारी शेजारी दोन भोके पडली. उरलेली वाट मी सायकल खांद्यावर घेऊन चाललो.