आजोबांची चक्कर

साठी उलटलेल्या माणसाचे डोळे अचानक हलायला लागले की ओपीडीत येईपर्यंत निदान घरीच झालेलं असतं. चक्कर, कानाचा त्रास, चष्म्याचा नंबर. नाहीतर सरळ ‘वय झालं’. लहान मुलाचे डोळे असे नाचले तर बालरोगतज्ज्ञ लगेच पोटात, छातीत न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरची गाठ शोधायला लागतात. आजोबांना मात्र चकरेच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं. मला याचा राग येतो.

कारण तपासणीला यंत्रही लागत नाही. “आजोबा, माझ्या नाकाकडे बघत राहा.” नेहमीच्या निस्टॅग्मसमध्ये, म्हणजे डोळ्यांच्या आपोआप हलण्यात, बहुधा एक ताल असतो: डोळा हळू सरकतो, झटक्यात परत येतो. इथे तो ताल नाही. दोन्ही डोळे एकदमच वर, आडवे, तिरके उडतात, लाह्या फुटाव्यात तसे. दोन उड्यांच्या मध्ये क्षणाचीही उसंत नाही. मग म्हणायचं, “आता मिटा.” पापणी मिटते, पण तिच्याखाली बुबुळाचा उंचवटा पळतच राहतो. बरोबर हातपाय दचकत असतील, चालताना तोल जात असेल, तर संशय पक्का. याला ऑप्सोक्लोनस म्हणतात. पोलंडच्या ओझेहोव्स्की यांनी 1913 मध्ये हे नाव दिलं.

कधी कधी यामागे एखादा संसर्ग किंवा औषध निघतं. पण या वयात कॅन्सरसाठी फुप्फुस आणि बायकांमध्ये स्तन तपासल्याशिवाय सोडायचं नाही. चेतापेशींतली काही प्रथिनं कॅन्सरच्या गाठीतही असतात. शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडते आणि तडाखा मेंदूलाही बसतो. गाठ तेव्हा इतकी लहान असू शकते, की ना खोकला, ना हाताला काही लागतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये अँटी-राय अँटिबॉडी कधी सापडते. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये पुष्कळदा कुठलीच सापडत नाही. म्हणून रक्त निर्दोष आलं तरी छातीचा सीटी, मॅमोग्राफी, पेट-सीटी करायचेच. आपल्याकडे क्षयाच्या गाठीही पेट-सीटीत चमकतात, त्यामुळे बायोप्सीशिवाय शिक्कामोर्तब नाही.

स्कॅन स्वच्छ आला की मुलगा विचारतो, “म्हणजे काही नाही ना?” मी कागदावर पुढची तारीख घालतो: दर चार-सहा महिन्यांनी, दोन वर्षं. खर्चाचं ऐकून तो वैतागतो, ते रास्तच आहे. स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन आम्ही तोवर थांबवून ठेवत नाही; पण मुळाशी गाठ असेल, तर तिच्यावर इलाज झाल्याशिवाय नुसत्या त्या औषधांवर डोळे ठिकाणावर येणं अवघड.