जर-तरची इंग्रजी वाक्ये

रायपूरच्या ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीत एखाद्या मराठी घरातला मुलगा इंग्रजीचा गृहपाठ करावयास बसला, की त्याच्या मनात एकाच वेळी दोन भाषा बोलू लागतात. हे शहर १८५४ मध्ये इंग्रजी अमलाखाली येईपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. मराठी ही त्याच्या घरातील भाषा, हिंदी ही दाराबाहेरची. इंग्रजीतील जर-तरच्या वाक्यात तो चुकला, तर चूक कोणत्या दाराने आत आली हे बहुधा चुकीवरूनच ओळखता येते.

‘तो आला तर मी जाईन’ हे साधे वाक्य घ्यावे. अजून न आलेल्या माणसाविषयी मराठी ‘आला’ असे भूतकाळाचे रूप वापरते. अट पुरी झाली असे क्षणभर मानून ती पुढे बोलते. या वळणाने मुलगा लिहितो, ‘इफ ही केम, आय विल गो.’ हिंदीत मात्र ‘वह आएगा तो मैं जाऊँगा’ असे दोन्हीकडे भविष्य चालते. त्या वळणाने तो लिहितो, ‘इफ ही विल कम, आय विल गो.’ इंग्रजीला दोन्ही नकोत. तिची रीत ‘इफ ही कम्स, आय विल गो’ ही. येणे पुढचे असले तरी अटीत वर्तमानकाळ, आणि भविष्य केवळ फळाच्या वाक्यात. दोन्ही चुकांवर शिक्षकाची तांबडी रेघ सारखीच ओढली जाते. औषध मात्र निराळे द्यावयास हवे, आणि ते क्वचितच दिले जाते.

अट घडण्याजोगी नसते तेव्हा इंग्रजी भूतकाळाचे रूप घेते: ‘इफ आय वेअर इन युअर प्लेस, आय वुड रिफ्यूज.’ यातील ‘वेअर’ हा काळ दाखवीत नाही. तो वस्तुस्थितीपासूनचे अंतर दाखवितो. ‘आय’ या कर्त्याबरोबर ‘वेअर’ पाहून विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. परंतु मराठीही असेच सोंग घेते. ‘मी रोज घरी असतो’ आणि ‘मी तुमच्या जागी असतो तर’ यांतील ‘असतो’ दिसावयास एकच आहे. तृतीय पुरुषात भेद उघडा पडतो: ‘तो घरी असतो’, पण ‘तो घरी असता तर’. हे रूप म्हणजेच व्याकरणातील संकेतार्थ.

खरी अडचण यापुढे आहे. एखादा भाडेकरू मराठीत लिहितो, ‘पैसे असते तर भाडे दिले असते.’ हे तो आजच्या ओढग्रस्तीविषयी म्हणतो, की मागल्या वर्षीच्या? वाक्य दोन्ही अर्थांनी चालते. प्रसंगावरून काय ते समजावयाचे. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याला ही सवलत नाही. आज हात रिकामा असेल, तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड पे’. संधी निघून गेली असेल, तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव पेड’. पहिल्यात भाडे अद्याप देणे आहे आणि देण्याची तयारीही आहे. दुसऱ्यात वेळ टळल्याची कबुली आहे. नोटिशीच्या उत्तरात एकाच्या जागी दुसरे पडले, तर लिहिणाऱ्याने जे म्हटलेच नाही ते त्याच्या तोंडी घातले जाते. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडण्यापूर्वी भाडेकरूलाच विचारावे, हे बरे.

या दुसऱ्या प्रकारात मराठी माणूस आणखी एकदा घसरतो. ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ यात ‘असणे’चे रूप दोन्ही अंगांना आहे, म्हणून तो ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे लावतो. शिष्ट लेखनात अटीच्या अंगाला ‘हॅड कम’ हवे, ‘वुड हॅव गॉन’ फळाच्या अंगाला. ‘इफ’नंतर ‘विल’ कधीच येत नाही, असे मात्र पाठ करू नये. ‘इफ यू विल वेट अ मोमेंट’ हे शुद्ध आहे. तेथे ‘विल’ म्हणजे भविष्य नव्हे, ऐकणाऱ्याची राजीखुशी.

वाक्याचा भार कोठे पडतो तेही पाहण्याजोगे आहे. मराठीत ‘जर’ गाळला तरी चालते, ‘तर’ सहसा गळत नाही. इंग्रजीत ‘देन’ बहुधा गळते आणि ‘इफ’ राहते. ‘इफ’ गाळावयाचेच झाले, तर क्रियापदाला कर्त्याच्या पुढे यावे लागते: ‘हॅड ही कम, आय वुड हॅव गॉन.’ अर्धवट वाचणाऱ्याला हा प्रश्न वाटतो, आणि शेवटी प्रश्नचिन्ह का नाही म्हणून तो छापणाऱ्याला दोष देतो.