जमीन विकली नाही, फक्त घरं बांधायचा हक्क विकला! अमेरिकेतल्या एका काउंटीने ९३ हजार एकर शेती कशी राखली?

शहराजवळ शेती असणाऱ्याला दोन रंगांचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. विकास आराखड्यात जमीन पिवळी झाली, म्हणजे रहिवासी झोनमध्ये गेली, की भाव गुंठ्यावर बोलला जातो. हिरवी राहिली तर एकरावर. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाचं नशीब उजळतं आणि दुसरा हरकतीचे अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो.

मग साहजिकच हिरव्या पट्ट्यातला प्रत्येक जण झोन बदलून घ्यायच्या मागे लागतो. पुढच्या २० वर्षांसाठी काढलेला नकाशा पाच वर्षांतच फाटायला लागतो.

याच प्रश्नावर अमेरिकेतल्या एका काउंटीने १९८० साली एक तोडगा काढला. तो आजही टिकून आहे. आणि गंमत म्हणजे त्यातला मुख्य शब्द मुंबईकरांच्या चांगलाच ओळखीचा आहे, तो म्हणजे टीडीआर.

कुठली काउंटी आणि अडचण काय होती?

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनला अगदी लागून आहे. लोकसंख्या १० लाखांच्या वर. कुठल्या जमिनीवर काय बांधायचं, हे तिथली निवडून आलेली कौन्सिल ठरवते.

दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन फुगायला लागलं आणि लोक या काउंटीत घरं घेऊ लागले. १९६४ मध्ये काउंटीने दीर्घ पल्ल्याचा आराखडा केला. कल्पना सोपी होती. हाताचा पंजा डोळ्यांसमोर आणा. बोटं म्हणजे महामार्ग आणि रेल्वेच्या कडेने वाढणारी वस्ती आणि बोटांमधल्या फटी म्हणजे शेती आणि मोकळी जागा.

कागदावर सगळं छान होतं. पण फटींमधली जमीन मोकळी ठेवायची कशी, याचं उत्तर त्यात नव्हतं.

१९७० च्या दशकात काउंटीने ग्रामीण भागात ५ एकरांना एकच घर असा नियम केला. वाटलं, आता बिल्डर येणार नाहीत. झालं उलटंच. श्रीमंत लोक ५-५ एकरांचे तुकडे घेऊन बंगले बांधू लागले. म्हणजे ट्रॅक्टर फिरवायला जागा लहान आणि लॉन कापायला मोठी! शेती तुटतच राहिली.

मग १९८० मध्ये काय केलं?

रॉइस हॅन्सन तेव्हा काउंटीच्या नियोजन मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात शेती राखण्याचा वेगळा आराखडा तयार झाला. सुमारे ९३ हजार एकर, म्हणजे काउंटीचा जवळपास एक तृतीयांश भाग 'ॲग्रिकल्चरल रिझर्व्ह' ठरला. तिथे नवा नियम आला : २५ एकरांना एक घर.

आता तुम्ही म्हणाल, शेतकऱ्यावर हा सरळ अन्याय झाला. काल १०० एकरांत २० घरं बांधता येत होती, आज फक्त ४.

इथेच टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क आला. काउंटीने सांगितलं की घरं ४ बांधा, पण हक्क मात्र जुन्या हिशेबाने, ५ एकरांना एक. म्हणजे १०० एकरांच्या शेतकऱ्याकडे २० हक्क. त्यातले ४ स्वतःच्या घरांसाठी ठेवले तरी १६ विकायला मोकळे.

विकत कोण घेणार? बिल्डर. काउंटीने वस्तीसाठी ठरवलेल्या काही भागांत हे हक्क घेतले की नेहमीपेक्षा जास्त घरं बांधायची मुभा मिळते. शेतकऱ्याला पैसे मिळतात, जमीन त्याच्याच नावावर राहते. पण विकलेल्या हक्कांइतकी घरं त्या जमिनीवर पुन्हा कधीच बांधता येत नाहीत. उद्या जमीन विकली तरी हे बंधन नव्या मालकालाही लागू.

या पद्धतीने आजवर ५० हजार एकरांहून जास्त जमीन बांधकामापासून राखली गेली. आणि हा पैसा सरकारी तिजोरीतून नाही, बाजारातून आला.

मग सगळं गोडच आहे का?

नाही. शेतातून उचललेली घरं कुठेतरी उतरवावीच लागतात. ज्या वस्त्यांमध्ये जादा घरं येणार होती तिथले रहिवासी चिडले. प्रकरण कोर्टात गेलं. १९८७ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जादा घरांची मर्यादा नुसत्या आराखड्यात लिहून चालणार नाही, ती झोनिंगच्या कायद्यातच असली पाहिजे. काउंटीला नियम दुरुस्त करावे लागले.

दुसरी अडचण मागणीची. हक्क उतरवायला पुरेशा जागा नसतील, तर शेतकऱ्याच्या हातात नुसता कागद राहतो.

तिसरा वाद घरांच्या किमतीचा. एक तृतीयांश जमीन बाजूला काढली तर उरलेल्या भागात भरपूर घरं बांधू द्यावीच लागतात. म्हणूनच २०२२ मध्ये मंजूर झालेल्या 'थ्राइव्ह माँटगोमेरी २०५०' या नव्या आराखड्यात रेल्वे आणि बसमार्गांजवळ जास्त आणि वेगवेगळ्या प्रकारची घरं असावीत यावर भर आहे. त्यावरूनही तिथे जोरदार भांडणं झाली. शेतीचा पट्टा मात्र कायम राहिला.

आपल्याकडचा टीडीआर वेगळा कसा?

मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर आणला. रस्ता, बाग किंवा शाळेसाठी आरक्षित जमीन पालिकेला द्यायची आणि मोबदल्यात रोख रकमेऐवजी बांधकामाचा हक्क घ्यायचा. म्हणजे आपल्याकडे टीडीआर प्रामुख्याने जमीन ताब्यात घेण्याचं साधन झाला. माँटगोमेरीत तो जमीन शेतकऱ्याकडेच ठेवण्याचं साधन झाला.

थोडक्यात काय, तर नकाशावर हिरवा रंग भरायला एक दिवस पुरतो. तो टिकवायचा असेल तर हिरव्या पट्ट्यात अडकलेल्या माणसाच्या हातात काहीतरी पडावं लागतं.

त्यामुळे पुढच्या वेळी तुमच्या भागाचा प्रारूप आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला, तर फक्त आपला गट नंबर शोधून थांबू नका. तीन प्रश्न विचारा : शेती राखणाऱ्याला मोबदला काय? अडवलेली घरं कुठे बांधली जाणार? आणि हा रंग उद्या बदलायचा अधिकार कोणाकडे?