तोंडाची कोरड : 'शेक' घेतलेल्या रुग्णांसाठी थोडी माहिती

तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घ्यावयाचे झाल्यास आपल्या माढा तालुक्याला बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडते. या उपचारांना आपल्याकडे 'शेक' म्हणतात. आठवड्यातून 5 दिवस, असे सहा-सात आठवडे ते बहुधा चालतात. रोग आटोक्यात येतो, रुग्ण घरी परततो. पण भाकरीचा घास तोंडातच फिरत राहतो. बाहेरून काही दिसत नसल्याने घरची मंडळी त्याला 'जेवणाचे नखरे' समजतात. हा त्या रुग्णावर अन्याय आहे.

कानापुढे, जबड्याखाली व जिभेखाली लाळग्रंथींच्या 3 मोठ्या जोड्या असतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. किरणांनी या ग्रंथी दुबळ्या होतात. उरलेली लाळ घट्ट व चिकट होते. काहींना वर्ष-दोन वर्षांत थोडा फरक पडतो, काहींची कोरड कायम राहते. ग्रंथी शक्य तितक्या वाचवून शेक देण्याची पद्धत आता आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने कोरड कमी झाल्याचे दिसले. उपचार ठरतानाच डॉक्टरांना याविषयी विचारावे.

पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट-घोट पाणी प्यावे. बँकेच्या रांगेत कोणी सारखी बाटली तोंडाला लावत असेल तर हसू नये. भाकरी आमटीत कुस्करून घ्यावी. ताक, आंबील, पातळ खिचडी चालते. आपली शेंगाचटणी कितीही आवडती असली तरी ती कोरडी खाऊ नये. कपभर पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात. तंबाखू, मिश्री, दारू पूर्ण बंद. खडीसाखर चघळल्याने दात किडतात. लाळ वाढविणारी पायलोकार्पिनची गोळी मिळते, परंतु दमा वा काचबिंदू असणाऱ्यांनी ती मनाने घेऊ नये.

दातांकडे सर्वाधिक लक्ष हवे. लाळ दातांची राखण करते. ती आटली की कीड झपाट्याने लागते. म्हणून शेक सुरू होण्यापूर्वीच दंतवैद्याला दाखवावे व नंतर फ्लोराईडची पेस्ट वापरावी. शेक होऊन कितीही वर्षे लोटली तरी दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास त्याची कल्पना द्यावी व कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. किरण लागलेले जबड्याचे हाड सहज भरून येत नाही, ते चिघळते. यासाठी उपचारांचे कागद जपून ठेवावेत व दाखवायला जाताना बरोबर न्यावेत.