यंत्रं तीच, मालक नवे

जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसच्या रेओम्यूर रस्त्यावर शंभर नंबरच्या इमारतीत जर्मनांचं ‘पारिझर त्साइटुंग’ छापलं जायचं. ऑगस्ट १९४४मध्ये शहर त्यांच्याविरुद्ध उठलं आणि त्याच इमारतीतून ‘कोंबा’ निघू लागलं. चोरून छापलं आणि वाटलं जाणारं हे प्रतिकार चळवळीचं पत्र २१ ऑगस्टला राजरोस विक्रीला आलं, तेव्हा रस्त्यांवर गोळीबार थांबलेला नव्हता. संपादक होते आल्बेर काम्यू.

छापखान्यांचं भागत होतं. पंचाईत होती विश्वासाची. जर्मनांच्या नजरेखाली निघत राहिलेल्या दैनिकांचं करायचं काय? द गॉल सरकारने तारखेची रेघ ओढली. तोवर मोकळ्या राहिलेल्या दक्षिण फ्रान्समध्ये जर्मन फौजा ११ नोव्हेंबर १९४२ला शिरल्या. त्यानंतर पंधरा दिवस उलटूनही तिथलं जे पत्र निघत राहिलं, त्यावर बंदी. ‘ल फिगारो’ वेळीच थांबलं होतं, ते स्वतःच्या नावाने परतलं. १८६१पासूनचं भारदस्त ‘ल तां’ मात्र महिनाअखेरीस थांबलं. मोजक्या दिवसांचा उशीर, आणि कायमचं गेलं! त्याची इमारत, यंत्रं आणि बरीच माणसं ‘ल माँद’ला मिळाली. ह्यूबेर बव्ह-मेरी यांच्या या सांजदैनिकाचा १९ डिसेंबर १९४४चा पहिला अंक म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेला एकच कागद. कागदाची टंचाईच तशी होती.

पत्राचा गुन्हा कॅलेंडरवर मोजणं आडमुठंच. पण एकेक अग्रलेख तपासत बसले असते, तर निकाल लागेपर्यंत वाचकाने वाचायचं काय?

बातमीसंस्थेबाबत तर कायद्याचीही वाट पाहिली गेली नाही. २० ऑगस्टला प्रतिकार चळवळीतल्या पत्रकारांनी जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारच्या वृत्तसंस्थेची कचेरी थेट ताब्यात घेतली. आजची एएफपी ही वृत्तसंस्था ती हीच.

रेडिओचं काम जास्त अवघड. माघार घेताना जर्मनांनी प्रक्षेपक उडवले होते, पॅरिसमध्ये विजेची बोंब होती. तरी २४ ऑगस्टच्या रात्री रेडिओवर प्येर शेफेर यांचा आवाज घुमला : फ्रेंच सेनापती लक्लेर यांच्या सैन्याची पहिली तुकडी नगरभवनाशी पोचली आहे, धर्मगुरूंनी घंटा वाजवाव्यात! एकामागून एक चर्चं निनादू लागली.

पुढे मार्च १९४५मध्ये खासगी केंद्रांचे परवाने रद्द झाले आणि रेडिओ सरकारच्या हाती गेला. वृत्तपत्रांनी आपले मालक कोण ते जाहीर करावं, असा वटहुकूम याच सरकारने काढला होता. रेडिओच्या बाबतीत ते विचारायची गरजच उरली नाही. सरकारी मक्तेदारीला तडा जायला १९८१ उजाडावं लागलं.